सेल्फ सुटेना

चावी फिरवली की सेल्फ इंजिनाला धक्का देतो, इंजिन चालू होतं आणि सेल्फ मागे सरतो. एवढंच त्याचं काम, दोन-तीन सेकंदांचं. नंतर दिवसभर त्याने गप्प बसायचं. त्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा सेल्फ गप्प बसेना. इंजिन चालू झालं तरी तो दाते रुतवून फिरतच राहायचा. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज वारज्याच्या त्या प्लॉटवरून समोरच्या इमारतींवर जाऊन आदळायचा. सकाळचे पावणेसहा. एकेका गॅलरीत दिवा लागायचा.

गाडी म्हणजे सतरा सीटची मिनीबस. वारज्यातून रिकामी निघायची, बिबवेवाडीत माणसं भरायची आणि हिंजवडीत कंपनीच्या गेटवर सोडायची. संध्याकाळी उलट. वारजे खेडं होतं तेव्हा मालकिणीच्या सासऱ्यांची तिथे शेती होती. शेताच्या जागी इमारती आल्या, आणि उरलेल्या एका तुकड्यावर आमच्या सहा मिनीबस उभ्या राहायच्या. त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, ती मला दिलेली. मालकिणीला आम्ही सगळे ड्रायव्हर काकू म्हणायचो. रूट, ड्रायव्हर, कंपनीवाल्यांशी बोलणं, सगळं काकूंच्या हातात. काका सकाळी गाड्यांभोवती एक फेरी मारायचे, टायरला लाथ मारून बघायचे आणि चहाला जायचे.

काकू एरवी मला 'अरे' करायच्या. बोलण्यात 'हाय', 'न्हाई' असायचं, ते कानाला बरं वाटायचं, घरचं वाटायचं. पण रागावल्या की त्यांची भाषा एकदम पेठेतल्यासारखी व्हायची आणि त्या 'आपण' म्हणायला लागायच्या. काकूंनी 'आपण' म्हटलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

मी किनवटकडचा. आठवीच्या सहामाहीनंतर शाळेत गेलो नाही. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. आधी वडील आजारी होते म्हणून गेलो नाही, ते बरे झाले तोवर जायची लाज वाटायला लागली. पुढे जीप चालवली, ट्रॅक्टर चालवला, आणि एका ट्रकवर क्लीनर म्हणून पुण्यात आलो. तो ट्रक बिबवेवाडीत बंद पडला. वायरिंगचं काम निघालं आणि तीन दिवस आम्ही एका छोट्या दुकानासमोर अडकलो.

ते दुकान चाचांचं. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, डायनॅमो एवढीच कामं ते करतात. त्यांचे आजोबा पुण्यातच टांग्यांचे दिवे बनवायचे, वडील बॅटऱ्या भरायचे. घरात उर्दू चालते, पण मराठी अशी बोलतात की माझीच मला लाज वाटावी. त्या तीन दिवसांत मी त्यांना हत्यारं काढून देत होतो, काम झालं की पुसून जागेवर ठेवत होतो. दुसरं करणार तरी काय? तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "लायसन आहे का तुझ्याकडे?" आहे म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "काकू, एक माणूस पाठवतोय. कमी बोलतो, वस्तू जागेवर ठेवतो. माझ्या शब्दावर ठेवून घ्या."

पुण्यात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. ज्याने तीन दिवस पाहिलं, त्याने शब्द टाकला. मला आजही ते नीटसं समजलेलं नाही. पण त्या शब्दावर नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि घरी दर महिन्याला काही तरी जायला लागलं. म्हणून मी त्या गाडीला जपायचो. जरा जास्तच जपायचो, ते पुढे सांगतो.

तर, तो हिवाळा.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चावी पूर्ण मागे फिरवली, सगळं बंद झालं. पुन्हा मारली, गाडी नीट चालू झाली. गाडीला थंडी वाजली असेल असं म्हटलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि या वेळी चावी काढून हातात घेतली तरी सेल्फ फिरतच राहिला. बॉनेटमधून धूर आला. जळक्या वार्निशचा वास. पाना घेऊन बॅटरीची वायर काढेपर्यंत दोन बोटं भाजली. गाडी एकदम शांत झाली. मग लक्षात आलं की काका बाजूला येऊन उभे होते. ते म्हणाले, "गेला." आणि चहाला गेले.

बिबवेवाडीत माणसं थांबलेली. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी मेसेज टाकला, गाडी बंद आहे. ते लिहायला मला पाच मिनिटं लागली, कारण काय लिहिलं की कमी राग येईल ते सुचेना. उत्तरं लगेच आली. पुढच्या सीटवर बसणाऱ्या एका मॅडमनी लिहिलं, "दादा साडेआठला क्लायंट कॉल आहे यार." दुसऱ्याने नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा कोणत्या अर्थाचा, यावर मी दिवसभर विचार केला.

दुसऱ्या मिनीबसने ओढून गाडी चाचांकडे नेली. चाचांनी सेल्फ उतरवला, खोलला आणि मला जवळ बोलावलं.

"हे बघ लेका. सेल्फच्या डोक्यावर हा डबा. चावी मारलीस की आत दोन तांब्याचे तुकडे एकमेकांना भेटतात आणि बॅटरीचा करंट जातो. चावी सोडलीस की त्यांनी लांब व्हायचं. हे झाले नाहीत. वितळून एकमेकांना चिकटलेत."

"का चिकटले चाचा?"

"प्रेमात पडले असतील. मला काय माहीत? बॅटरी कमजोर असली की असं होतं, स्प्रिंग मेली की होतं, दात्यांत माती गेली की होतं. सगळं बघतो."

त्यांनी सगळं बघितलं. बॅटरी मोजली, चांगली निघाली. बॅटरीच्या वायरींची टोकं घासली. सेल्फचं चाक रॉकेलमध्ये धुतलं. ज्या मोठ्या चाकात तो दाते घालतो त्याचे दाते टॉर्च मारून एकेक बघितले, सगळे शाबूत. जळालेली गुंडाळी नवी भरली, डबा नवा लावला. मग दुपारी, उन्हात, त्यांनी मला वीस वेळा चावी मारायला लावली. वीसही वेळा सेल्फने धक्का दिला आणि मागे सरला.

"झालं," चाचा म्हणाले. "आता पाच वर्षं बघायला नको."

आठ दिवसांनी पुन्हा तेच. तसाच आवाज, तसाच धूर. बोटं या वेळी वाचली, कारण पाना मी सीटखाली तयारच ठेवला होता.

त्या दिवशी काकू स्वतः दुकानात आल्या. चाचांनी तोवर जुना सेल्फ बाजूला ठेवून पेटीतला अख्खा नवा सेल्फ चढवायला घेतला होता, आपल्या पदरचा. काकूंनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कंपनीवाल्यांचा फोन होता. अजून एकदा गाडी चुकली तर रूट दुसऱ्याला देतो म्हणालेत. आता हा नवा सेल्फ. नवा हाय ना?"

"पेटी इथेच आहे काकू. वाचून दाखवू?" चाचा म्हणाले.

"नको. एवढंच सांगते. या नव्यावर परत असं झालं, तर चूक सेल्फची नसणार. मग एक तर आपल्याला बसवता येत नाही," हे चाचांना, "नाही तर आपल्याला चालवता येत नाही." हे मला. "मग मी दोन्ही माणसं नवी बघेन."

दोघांनाही 'आपण'. काकू गेल्यावर चाचा बराच वेळ बोल्ट आवळत राहिले. मी विचारलं, "चाचा, मी चावी जास्त वेळ धरून ठेवतो का?" ते म्हणाले, "धरतोस का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग कशाला विचारतोस?"

पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ड्रायव्हरचं हे असं असतं, गाडीला काही झालं की आधी आपण आपल्यालाच तपासतो. पाय कुठे होता, हात कुठे होता. दिवसभर हिंजवडीत गाडी लावून बसलो की आजूबाजूला शंभर बसा, शंभर ड्रायव्हर. कुणी झोपतं, कुणी मोबाइलवर सिनेमा बघतं, कुणी पत्ते काढतं. मी चावी लावून, न फिरवता, नुसता हात ठेवून बसायचो. माझ्या हातात काही तरी वाईट आहे असं वाटायला लागलं होतं. गावाकडे परत जाऊन काय सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मनात तयार व्हायला लागली. रात्री झोप नीट लागायची नाही आणि सकाळी सगळी माणसं मागे झोपलेली असायची, डोकी काचेला टेकवून. त्यांचा हेवा वाटायचा.

मग जानेवारीत एक फार गार सकाळ आली. काचेवर दव, स्टीअरिंग बर्फासारखं. चावी मारली. इंजिन लागलं. सेल्फ सुटला नाही.

मी तयार होतो. एका सेकंदात चावी पूर्ण मागे. सेल्फ थांबला. धूर नाही, वास नाही. काका अजून आले नव्हते. वरच्या गॅलरीत एक दिवा लागला आणि विझला. म्हणजे नव्या सेल्फवरही झालं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. काकूंना सांगितलं की आम्ही दोघं गेलो. न सांगितलं की पुढच्या वेळी सेल्फ जळणार, रूट जाणार, आणि आम्ही दोघं गेलोच.

मी चाचांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं.

"फक्त सकाळीच होतं?"

"हो."

"दुपारी कधीच नाही?"

"कधीच न्हाई चाचा. संध्याकाळी बी न्हाई. सकाळी सुटंना झालंय बघा." घाबरलो की माझी भाषा किनवटला जाते.

"आणि मी मूर्खासारखा उन्हात वीस वेळा चावी मारून बघतोय," चाचा म्हणाले. "आजच्या फेऱ्या नेहमीसारख्या कर. उद्या पहाटे मी येतो. तेव्हा मी येईपर्यंत गाडीला हात लावू नकोस. दार पण उघडू नकोस."

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच ते आले. बिबवेवाडीहून वारज्यापर्यंत स्कूटरवर, या वयात, माकडटोपी, मफलर आणि त्यावर अजून एक मफलर. दात वाजत होते. मी चहा करतो म्हटलं तर म्हणाले, "चहाने मी गरम होईन. गाडी गार आहे तोवर बघू दे." दोन वायरी लावलेला इंडिकेटरचा एक छोटा बल्ब त्यांनी खिशातून काढला. बॉनेट उघडलं. चावीकडून सेल्फला हुकूम घेऊन येणारी एक बारीक वायर असते, ती सेल्फवरून काढली आणि बल्बला जोडली.

"आता सेल्फ यातून बाहेर. तो बिचारा काही करणार नाही. तू रोज मारतोस तशी चावी मार आणि रोज सोडतोस तशी सोड."

मारली. बल्ब लागला. सोडली.

बल्ब लागलेलाच.

अंधारात तो पिवळा ठिपका आम्ही दोघं बघत राहिलो. मी चावीवरून हात केव्हाच काढला होता, दोन्ही हात मांडीवर होते. चाचा बॉनेटपासून फिरून दाराशी आले आणि त्यांनी एका बोटाने चावी जराशी, तिळभर, मागे ढकलली. बल्ब विझला.

"सेल्फ साधू माणूस आहे," ते म्हणाले. "वरून हुकूम येत होता, तो पाळत होता. दोनदा मी सेल्फ विनाकारण उतरवला. चोर इथे बसलाय, चावीत. सोडलीस की ती पूर्ण मागे येत नाही. डोळ्यांना वाटतं आली. आणि मग जास्त वेळ करंट जातो, तांबं वितळतं, तेव्हा चावी काढूनही उपयोग नाही."

त्यांनी स्विच काढला. मागची टोपी उचकटली आणि टॉर्च मारला. आत सगळीकडे काळपट पांढरं, मेणासारखं काही तरी थिजलेलं होतं. त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं. ते विरघळलं. मग नाकाशी नेलं.

"हे काय? हे तर डोक्याला लावायचं तेल आहे."

मला वाटलं, जमीन फाटावी.

पावसाळ्यात ती चावी अडकायची. आमच्या रूटवर चुकून एक मिनिट उशीर झाला तरी मला घाम फुटायचा, म्हणून मी चावीच्या भोकात तेलाचे चार थेंब सोडले. गावाकडे कुलूप अडकलं की आम्ही घरातलं कुठलंही तेल घालतो, कुणी विचारत नाही कुठलं. माझ्याकडे खोबरेलाची बाटली होती, चांगल्यातलं, कारण पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही चांगलं घेतलं ते हे. गाडीला चांगलं तेल घालावं, एवढाच विचार. चावी लोण्यासारखी फिरायला लागली. मग खंडेनवमीला गाडी धुतली, हार घातला, स्टीअरिंगला हळद-कुंकू लावलं आणि पूजा म्हणून चावीत पुन्हा तेल सोडलं, या वेळी चांगलं पळीभर. पूजेला हात आखडता कशाला घ्यायचा? थंडीत खोबरेल थिजतं हे काय मला माहीत नव्हतं? रोज सकाळी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवून मगच डोक्याला लावत होतो. तीच बाटली, तोच हात, आणि तिथून दहा पावलांवर गाडी. पण या दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्या नाहीत.

चाचांना सांगितलं. ते हसले नाहीत. रॉकेलने स्विच धुतला, पुसला, वाळवला, जोडला. बल्ब लावून दहा वेळा बघितलं. प्रत्येक वेळी सोडली की विझला.

मग स्कूटरच्या सीटवर टेकून म्हणाले, "ऐक लेका. हे कुणाला सांगायचं नाही. मी काकूंना सांगतो, स्विच म्हातारा झाला होता, साफ केला. कुणाची चूक नाही, कुणाची नोकरी नाही. समजलं?"

मी मान हलवली. खरं सांगतो, त्या वेळी मला एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. खोली राहणार होती, नोकरी राहणार होती. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "सरळ उभा राहा. तुझी माणसं थांबली असतील."

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा चाचा प्लॉटला लागूनच असलेल्या काकूंच्या घराच्या ओट्यावर उभे होते. मी गाडी पुसायला घेतली. ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

"स्विच म्हातारा?" काकू म्हणाल्या. "चाचा, तो स्विच मागच्या होळीला नवा टाकलाय. दुसऱ्याकडून टाकला म्हणून आपल्याला माहीत नसेल. बिल माझ्याकडे आहे. दोन सेल्फ आपण बसवले, दोष सापडला नाही, आणि आता माझ्या नव्या स्विचला म्हातारा म्हणता?"

चाचा काहीच बोलले नाहीत. ते बोलू शकत होते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य तिथून पंधरा फुटांवर फडकं घेऊन उभं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरं. गाडी चालू झाली, आपले आभार," काकू म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

चाचांनी स्कूटर चालू केली आणि गेले. मी तेच चाक तिसऱ्यांदा पुसत होतो.

दोन दिवस मी बोललो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दोन दिवस. त्या दोन दिवसांत आमच्या एका गाडीचा हॉर्न गेला तर काकूंनी ती कोथरूडला दुसऱ्याच माणसाकडे पाठवली. बाकीचे ड्रायव्हर म्हणायला लागले, चाचांना आता दिसत नाही, हात थरथरतो. मी ऐकून घेतलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. आणि मग पत्र्याची खोली दिसायची, नोकरी गेली म्हणून घरी करावा लागणारा फोन दिसायचा. गाडी मात्र रोज सकाळी पहिल्या झटक्याला चालू होत होती. तेच सहन होईना. जी गोष्ट बरोबर चालली होती ती ज्याने बरोबर केली, त्यालाच सगळे नावं ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिंजवडीत गाडी लावली, बस पकडून वारज्याला आलो. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"अरे, तू इथं? गाडी कुठं हाय?"

"गाडी तिकडंच हाय. काकू, चाचांची चूक न्हाई."

"मग कुणाची?"

"माझी. स्विचमध्ये मी तेल घातलं होतं. खोबरेल. थंडीनं थिजलं."

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "खोबरेल?"

"हो."

"का? गाडीचे केस गळत होते का?"

मी खाली बघत राहिलो. काका आतून बाहेर आले, ऐकलं आणि पुन्हा आत गेले.

"चावी अडकत होती पावसात. चांगलं तेल म्हणून घातलं. मग खंडेनवमीला परत घातलं."

"आणि हे आपल्याला कधी कळलं?"

आपल्याला. मी म्हटलं, "चाचा सकाळी आले त्या दिवशी."

"म्हणजे संध्याकाळी मी इथे चाचांना बोलत होते, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आपण काय करत होता तेव्हा?"

"गाडी पुसत होतो."

"स्वच्छ निघाली का?"

काकूंनी मेथीची चार पानं खुडली, देठ बाजूला टाकले. खूप हळू. मी म्हटलं, "काकू, खोली रिकामी करू का?"

"आणि उद्या पावणेसहाला गाडी कोण काढणार? मी?" त्या म्हणाल्या. "तेलाचं मी काही म्हणत न्हाई. माझ्या सासऱ्यांनी पाण्याच्या इंजिनात तूप घातलं होतं एकदा, त्याला ताकद यावी म्हणून. अडाणी माणसं आपण. पण त्या म्हाताऱ्याला माझ्याकडून बोलून घेतलंस, त्याचं काय? महिनाभर रविवार विसर आता. लग्नाच्या सगळ्या गाड्या तू न्यायच्या. आणि चाचांना फोन मी करीन. तू करू नकोस."

'तू' परत आलं होतं. मी बसस्टॉपपर्यंत गेलो आणि तिथल्या कठड्यावर बसलो.

काकूंनी फोन केला, माफीही मागितली असं नंतर कळलं. त्यांची ती कशी असेल, मला ऐकायला आवडलं असतं. चार दिवसांनी ब्रेकचा दिवा लागत नव्हता म्हणून मलाच चाचांच्या दुकानात पाठवलं. मला वाटलं होतं, चाचा पाठ थोपटतील.

"या," ते म्हणाले. "खरं बोलणारे आले."

मी उभा राहिलो.

"दोन दिवस मी काम न येणारा मिस्त्री होतो. आता खोटं बोलणारा मिस्त्री झालो. बढती झाली माझी." ते हसत नव्हते. "काकू फोनवर म्हणाल्या, चाचा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. तीस वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. सांगायचंच होतं तर आधी इकडे यायचं होतं. मी आलो असतो बरोबर. दोघं मिळून सांगितलं असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फक्त धीर होतोय तोवर बोलून मोकळं व्हायचं होतं. धीर गेला असता तर पुन्हा आला नसता, असं मला सांगायचं होतं, पण ते मोठं वाक्य होतं आणि त्यांच्यासमोर मला मोठी वाक्यं जमत नाहीत. मी म्हटलं, "चुकलं, चाचा."

"चुकलंच," ते म्हणाले. "चढ गाडीत."

मी चढलो. ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"दाब."

ब्रेक दाबला.

"सोड. दाब. धरून ठेव." मग बराच वेळ नुसती खुडबूड. "उजवा लागला. डावा तुटलाय, वायर खाल्लीये उंदरांनी. बसून राहा तसाच, पाय काढू नकोस."

पाऊण तास मी पाय दाबून बसलो होतो. पोटऱ्या भरून आल्या. काम झाल्यावर त्यांनी चहा मागवला, दोन कप. एक माझ्याकडे सरकवला आणि काही न बोलता दुसऱ्या गाडीखाली शिरले. काकूंच्या गाड्या आता पुन्हा त्यांच्याकडे येतात. माझ्याशी ते बोलतात, कामाचं सगळं बोलतात. 'लेका' म्हणायचे ते बंद झालं, ते अजून परत आलेलं नाही.

त्या रविवारी लग्नाची गाडी घेऊन सासवडला जाऊन आलो, वऱ्हाड उतरवलं, सीटखालचे तांदूळ आणि फुलं झाडली. दिवस मावळताना खोलीच्या उंबऱ्यावर बसून घरी फोन लावला. आईने विचारलं, काम नीट चालू हाय ना रे? हाय म्हटलं. मालक लोक बरे हायत ना? बरे हायत म्हटलं. आवाज का असा बसलाय, म्हणाली. थकलोय, म्हटलं. ती म्हणाली, मग झोप. सांगायला बसलो असतो तर तासभर गेला असता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.